हत्यारांचं पाणी कुठे गेलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची पाऊण इंची पटाशी, पात्यावर शेफील्डचा, म्हणजे इंग्लंडमधल्या पोलादाच्या जुन्या गावाचा शिक्का. धार लावून लावून निम्मी झिजली, तरी सागाचा पातळ पापुद्रा अजून अलगद काढते. तसल्याच एका जुन्या विलायती नावाची नवी पटाशी तुम्ही गेल्या वर्षी घेतली आणि दोन चौकटींच्या कामातच तिची धार वळली. गॅरेजवाल्या भावाच्या नव्या पान्याचं तोंडही पहिल्याच गंजक्या नटावर फाकलं. विलायतेतले आणि अमेरिकेतले कारखाने चीन, भारत, मेक्सिकोकडे गेले म्हणून हत्यारं बिघडली का, आणि आता घ्यायचं तरी काय, असं तुम्ही विचारलंय.

मी फिटर. आयटीआयनंतर भोसरीत टूलरूमला लागलो. मध्ये काही वर्षं निर्यातीच्या पान्यांची तपासणी केली आणि नोकरीची शेवटची सोळा वर्षं हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून त्याला पाणी देण्याच्या, भट्ट्यांवर काढली. तिकडचे लोक ‘कारखाने परदेशात गेले’ म्हणतात, त्या परदेशात मी उभा होतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

हत्याराचं मोल त्याच्या पाण्यात असतं, तिथूनच सुरुवात करतो. लोहार कोयता लाल करून डोणीत बुडवतो, त्याला आपण पाणी देणं म्हणतो. पटाशीचं पोलाद साधारण ७७० अंशांच्या पुढे गेलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. जुने कारागीर ही खूण बघून ते तेलात किंवा पाण्यात टाकत. त्या क्षणी पोलाद काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून ते पुन्हा हलकं तापवायचं. पटाशीसाठी २०० ते २३० अंश, म्हणजे घासलेल्या पोलादावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत. पान्याला मात्र धार नको असते, चिवटपणा हवा असतो, म्हणून त्याला ४०० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर न्यावं लागतं. या दुसऱ्या तापवण्याला टेम्परिंग म्हणतात.

पहिली पायरी डोळ्यांना दिसते. लाल भडक लोखंड, चर्र आवाज, वाफ. दुसरीत काहीच दिसत नाही. भट्टीत जाळीच्या टोपल्या ठेवायच्या आणि दीड-दोन तास थांबायचं. बाहेर आलेला पाना आत जाताना होता तसाच दिसतो. खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड या थांबण्यावर पडते, कारण त्याचा पुरावा मालावर दिसत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी तपासणीला होतो तेव्हा एका परदेशी खरेदीदारासाठी रिंग पाने बनत होते. दरवर्षी खरेदीदाराचा माणूस यायचा आणि दर थोडा खाली आणायचा. पोलादाचा भाव आमच्या हातात नव्हता, वीज नव्हती, मजुरी आधीच तळाला होती. उरली टेम्परिंगची भट्टी. वेळ कमी केला असता तर कागदावर दिसलं असतं, म्हणून वेळ तोच ठेवला आणि टोपल्या दाबून भरायला लागलो. बाहेरच्या बाजूच्या पान्यांना उष्णता नीट लागायची. मधले पाने त्या वेळात पुरते तापतच नसत. ते जास्त कडक आणि ठिसूळ राहत. कडकपणा मोजायला नमुने घेतले जायचे टोपलीच्या वरून, कारण हात तिथेच पोहोचतो. सगळे आकडे बरोबर यायचे. अशा एका लॉटवर माझी सही आहे. ती सही मला अजून टोचते. कुठल्या तरी देशात कुणी तरी पूर्ण जोर लावून तो पाना ओढला असेल, तो मध्येच तुटला असेल आणि त्या माणसाची बोटं इंजिनावर आपटली असतील. त्यानंतर मी नमुने टोपलीच्या पोटातून काढायला लागलो. भांडणं झाली, पण भराई पुन्हा सैल झाली. त्या वर्षी दर मात्र वाढवून मिळाला नाही.

आता सांगा, यात देशाचा दोष किती? तीच भट्टी, तेच कामगार आणि तेच पोलाद, आधी चांगला पाना देत होते. थांबायचे पैसे कुणी देईना, म्हणून पाना बिघडला.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला दुरुस्त करायची आहे. दर्जा कारखाना हलल्यावर पडतो असं आपण धरून चालतो. बऱ्याच ठिकाणी क्रम उलटा होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाला हेन्री डिस्टननं १८४० मध्ये करवतींचा कारखाना काढला. डिस्टनच्या चांगल्या करवतीचं पातं पाठीकडे पातळ होत गेलेलं असायचं, म्हणजे लाकडात ती आवळत नसे आणि दातांना फारसा फाकही (दात आलटून-पालटून बाहेर वाकवणं) द्यावा लागत नसे. मूठ सफरचंदाच्या लाकडाची, हाताच्या तळव्यात बसेल अशी गोलवलेली. या घराण्याची कंपनी १९५५ मध्ये विकली गेली. पण मुठी त्याआधीच ठोकळ्यासारख्या व्हायला लागल्या होत्या आणि नक्षी उथळ झाली होती. तेव्हा ना चीन होता, ना मेक्सिको. सगळं अमेरिकेतच चाललं होतं.

रंध्यांचंही तसंच. लिओनार्ड बेली या रंधे बनवणाऱ्या अमेरिकी कारागिराची पेटंटं स्टॅन्ली कंपनीनं १८६९ मध्ये घेतली आणि कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनला जो लोखंडी रंधा बनू लागला, त्याच आराखड्यावर आज जगातला जवळपास प्रत्येक लोखंडी रंधा उभा आहे. आपल्या सुतारांच्या हातात दिसतो तोही. जुने रंधे जमवणारी मंडळी दुसऱ्या महायुद्धाआधीचे रंधे शोधत फिरतात. नंतरच्या रंध्यांत पातं ज्यावर टेकतं ती बैठक ओबडधोबड झाली, रोजवुडच्या मुठींच्या जागी रंगवलेलं साधं लाकूड आलं. हे सगळं झालं ते न्यू ब्रिटनमध्येच, त्याच गावात. कारणही उघड होतं. विजेची यंत्रं आली, सुतार हातरंधा कमी वापरू लागला, आणि हातरंधा घेणारा उरला तो वर्षातून दोनदा दरवाजा घासणारा घरमालक. त्याला बैठकीचा फरक कळत नव्हता.

म्हणजे जाणता गिऱ्हाईक कमी झाला, मग मालक बदलला आणि शेवटी जागा बदलली. शेफील्डच्या रेकॉर्ड आणि मार्पल्स या हत्यारांच्या नावांचंही हेच झालं. रेकॉर्डचा व्हाइस आपल्याकडच्या कितीतरी जुन्या वर्कशॉपमध्ये अजून बाकाला घट्ट बसलेला दिसेल. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही नावं एकामागून एक मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या हातांतून फिरली आणि उत्पादन शेफील्डमधून निघून गेलं. नाव राहिलं, कारण नाव विकता येतं. शेफील्डच्या करवतवाल्याचा हात, जो पात्यावर हातोडीनं टिपक्या मारून आतला ताण सारखा करायचा, तो खरेदीखतात लिहून देता येत नाही.

नेब्रास्कातल्या डीविट नावाच्या छोट्या गावाची गोष्ट याहून सरळ आहे. विल्यम पीटरसन हा डेन्मार्कहून आलेला लोहार. त्यानं धरून बसणारी पक्कड काढली आणि १९२४ मध्ये तिच्या कळीचं पेटंट घेतलं. आपल्या गॅरेजात ‘वाइस ग्रिप’ म्हणतात ती. गाव त्या कारखान्यावर जगत होतं. २००८ मध्ये तो बंद झाला आणि काम चीनला गेलं. इथे आधी घसरण, मग स्थलांतर असा क्रम मला दिसत नाही. इथे सरळ मजुरीचा हिशेब होता.

कानशीवर, म्हणजे लोखंड घासायच्या फाइलवर, मात्र मी जरा जास्त थांबणार आहे, कारण फिटरची खरी ओळख कानशीशी. आयटीआयच्या पहिल्या वर्षी आम्हाला लोखंडाचा ठोकळा देत आणि गुनिया (काटकोन तपासायचं हत्यार) लावल्यावर खालून उजेड दिसणार नाही इतका तो काटकोनात घासायला सांगत. आठवडेच्या आठवडे तेच. त्यातून पाठीला आणि मनगटाला कळतं की कानस चावते आहे की नुसती घसरते आहे.

शेफील्डमध्ये कानशीचे दात एकेकाळी हातानं पाडत. कारागीर शिशाच्या ठोकळ्यावर कानस ठेवायचा, म्हणजे आधी पाडलेले दात खालून चेपत नसत, आणि छन्नी-हातोडीनं एकेक दात उभा करायचा. त्या शिशानं कित्येकांना विषबाधा झाली. जुन्या काळाचं कौतुक करताना ही बाजू मी विसरत नाही. विल्यम निकल्सननं ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला १८६४ मध्ये यंत्रानं दात पाडायचा कारखाना काढला आणि पुढे निकल्सनची कानस म्हणजे जगभरातल्या फिटरसाठी माप ठरली. १९७२ मध्ये ती कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहानं घेतली, नंतर समूहही बदलले आणि उत्पादन अमेरिकेबाहेर गेलं. आता तिकडचे जुने फिटर जुन्या शिक्क्याच्या, न वापरलेल्या कानशी शोधून घेतात.

कानस बिघडते कशी, हे भट्टीवाल्याला विचारा. कानशीच्या पोलादात कार्बन बराच असतो, साधारण सव्वा टक्क्याच्या आसपास. दात आधी मऊ पोलादात पाडतात, मग कडक करतात. आता दाताचं टोक म्हणजे केसासारखं बारीक. भट्टीत हवा लागली की पोलादाच्या पृष्ठावरचा कार्बन जळतो, आणि तो नेमका त्या टोकांवरचाच जळतो. कानशीचं अंग कडक, दातांची टोकं मऊ. कडकपणा मोजायचं यंत्र अंगावर लावाल तर आकडा झकास येईल आणि कानस तासाभरात बोथट होईल. म्हणूनच जुने कारागीर तापवण्याआधी दातांवर मीठ, पीठ, कोळसा असल्या गोष्टींचा लेप द्यायचे आणि वितळलेल्या शिशात किंवा मिठाच्या भट्टीत तापवून मिठाच्या पाण्यात विझवायचे. विझवताना कानस वाकते, ती पूर्ण थंड होण्याआधी सरळ करायला फक्त काही सेकंद मिळतात, आणि ते काम हाताचं आहे. शेवटी वाळू आणि वाफेचा झोत मारून दातांना धार येते. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण लेपाचं पातळ-घट्ट, मिठाचं प्रमाण, कानस किती गरम असताना वाकवायची, हे ज्याला कळतं त्याला ते बोटांत कळतं. कारखाना हलला की यंत्रं जहाजात चढतात, रेखाचित्रं पोचतात. तो माणूस घरी जातो.

आणि तो माणूस परत बोलावता येत नाही, याचं ताजं उदाहरण टेक्सासमध्ये आहे. क्राफ्ट्समन हे सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीचं १९२७ पासूनचं हत्यारांचं नाव. हत्यार तुटलं तर दुकानात आणून द्या, नवं घेऊन जा, अशी त्यांची जन्मभराची हमी होती आणि अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्या त्या हमीवर वाढल्या. २०१७ मध्ये हे नाव स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरनं घेतलं. उत्पादन पुन्हा अमेरिकेत आणायचं ठरलं. २०१९ मध्ये फोर्ट वर्थला सुमारे ९ कोटी डॉलरचा, मोठ्या प्रमाणात स्वयंचलित असा कारखाना जाहीर झाला. पाने आणि सॉकेट तिथे कमी माणसांत, झपाट्यानं बनणार होते. यंत्रांनी साथ दिली नाही, आणि मार्च २०२३ मध्ये कारखाना बंद करत असल्याचं कंपनीनं सांगितलं. ही बातमी वाचून मला आनंद झाला नाही. पैसा होता, इच्छाही होती. पण गरम लोखंड साच्यात कसं वाहतं हे रोज बघणारी माणसं एकदा दुसऱ्या कामाला लागली की यंत्र विकत घेऊन ती जागा भरत नाही.

हमीवरून एक सांगतो. जन्मभराची हमी वाचून आपल्याला वाटतं, कंपनीला मालावर विश्वास आहे. कधी तो असतो. पण पाना बनवायचा खर्च पुरेसा खाली आला की तुटलेले चार पाने बदलून देणं हे शंभर पाने नीट बनवण्यापेक्षा स्वस्त पडतं. मग हमी तीच राहते आणि पाना बदलतो. रविवारी काम करणाऱ्याला हे चालतं. घाटात बंद पडलेल्या ट्रकखाली झोपलेल्या माणसाला तुटलेल्या पान्याच्या बदल्यात पुढच्या आठवड्यात मिळणारा नवा पाना काय कामाचा?

आता दुसरी बाजू. ज्यांनी भट्टी स्वतःच्या हातात ठेवली, ते टिकले, मग ते कुठल्याही देशातले असोत. जर्मनीत वुपरटालला क्निपेक्स १८८२ पासून पकडी बनवतेय, आजही कुटुंबाच्याच मालकीची आहे. त्यांची आजची पाइप धरायची पक्कड मी वापरलेली कुठलीही जुनी पक्कड विसरायला लावते. तैवानमध्ये तैचुंगच्या आसपास हत्यारांचे शेकडो छोटे कारखाने आहेत. तिथले सॉकेट आणि रॅचेट आज नावाजलेल्या कंपन्यांच्या डब्यांत असतात आणि ते उत्तम असतात. महायुद्धानंतर काही वर्षं ‘मेड इन जपान’ म्हणजे अमेरिकेत टाकाऊ माल समजला जायचा. आज जपानच्या मिकी गावातल्या करवतीसाठी आणि पटाशीसाठी जगभरचे सुतार रांग लावतात. चीनमध्येही असंच आहे. त्याच शहरात उत्तम माल बनतो आणि दहा रुपयांना विकायचा मालही बनतो. ऑर्डर काय दिलीय त्यावर ते ठरतं.

आणि आपण. जालंधर, लुधियाना, राजस्थानातलं नागौर ही हत्यारांची मोठी गावं. आपल्या नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत टपारियाची हत्यारं बनतात, १९६९ पासून, आणि ती सुरू झाली ती स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं. इलेक्ट्रिशियनच्या पट्ट्याला लटकलेली त्यांची पक्कड ओळखीची आहेच. कोकणात रत्नागिरी आणि चिपळूणला जेके फाइल्सच्या कानशी बनतात आणि तिथून जगभर जातात. आंब्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातून परदेशी फिटरच्या हातात कानस जाते, याचा मला फिटर म्हणून अभिमान वाटतो. ‘परदेशात बनलेलं म्हणजे वाईट’ हे वाक्य त्या फिटरनं म्हटलं तर ते रत्नागिरीच्या कामगाराबद्दल असतं, हे आपण तरी लक्षात ठेवावं.

जुनं ते सगळं सोनं, हेही खरं नाही. आजोबांच्या काळातही भंगार हत्यारं भरपूर बनत होती. ती तुटली, भट्टीत गेली. आपल्यापर्यंत पोचली ती टिकलेली. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मी अजून जातो. तिथे शेफील्डचा शिक्का असलेल्या पण आगीत सापडून पाणी उतरलेल्या पटाश्या ढिगानं असतात. शिक्का बघून घेणारे फसतात.

आता घ्यायचं काय. शिक्क्यांवरून ठरवू नका. ‘ड्रॉप फोर्ज्ड’ (घणाखाली साच्यात घडवलेलं) आणि ‘सीआर-व्ही’ (क्रोम व्हॅनेडियम पोलाद) ही अक्षरं कुणीही ठोकू शकतो, आणि क्रोम व्हॅनेडियम खरं असलं तरी त्याला पाणी कसं दिलंय हे अक्षर सांगत नाही. चकाकीवर तर अजिबात जाऊ नका. जाड क्रोम आणि जाड रंग खालचा ओबडधोबडपणा झाकतात. मी तर साधा काळा पाना हातात आला की खूश होतो, कारण त्याला लपवायला जागा नाही. भावाला सांगा, दुकानात जाताना खिशात १३ आणि १७ च्या पान्याचे दोन नवे बोल्ट ठेव. पाना बोल्टवर बसवून हलवायचा. जो पाना नव्या बोल्टवर डुलतो, तो जुन्या गंजक्या नटाचे कोपरे खाणारच. रोजच्या वापराचे पाने रिंगचे घ्यावेत, उघड्या तोंडाचा पाना फक्त जिथे रिंग जात नाही तिथे.

पक्कड उजेडाकडे धरून हलकेच मिटा. टोकं आधी टेकली पाहिजेत आणि कापायच्या जागेतून उजेड दिसता कामा नये. मग कागदाचा कपटा कापून बघा. बिजागरीला बाजूनं हलवलं तर खडखडाट नको, आणि उघडताना जोर लागायला नको. या दोन्ही गोष्टी एकत्र जमवणं कठीण असतं, म्हणून ती चांगली परीक्षा आहे.

कानस खिडकीपाशी नेऊन दातांच्या रेषेवर नजर लावा. धारेचं टोक उजेड परतवत नाही. टोकांवर पांढरी रेघ चमकली तर दात दुकानातच बोथट आहेत. एकावर एक टाकलेल्या कानशींच्या ढिगातली कानस घेऊ नका, कागदात गुंडाळलेली मागा. घरी आणल्यावर ती पहिल्यांदा पितळेवर वापरा, मग लोखंडावर. उलटी ओढू नका. ढीग करून ड्रॉवरमध्ये फेकाल तर रत्नागिरीची काय, स्वित्झर्लंडचीही कानस महिन्यात जाईल.

पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे हे कामावर आहे. हातोडी, पहारी, क्लॅम्प यांत स्वस्त माल चालून जातो. जिथे धार आहे किंवा जिथे सगळा जोर एका बारीक तोंडावर येतो, तिथे वाचवू नका. पटाशी, कानस, करवत, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक, रोजच्या मापांचे पाने. अमेरिकेत मेन राज्यात १९८१ पासून बनणारे, जुन्या नमुन्यावरचे रंधे आजच्या जगातले उत्तम आहेत, पण त्यांची किंमत आपल्या सुताराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी होते. त्यापेक्षा देशी रंधा घ्या, काचेवर वाळूकागद चिकटवून त्याचा तळ घासा, पातं चांगलं बसवा. दोन सुट्ट्या जातील, पण रंधा चालेल.

आता तुमच्या दोन पटाश्या. आजोबांच्या पटाशीची बाजू घासून नीट बघा. जुन्या शेफील्ड पटाश्यांत बऱ्याचदा मऊ लोखंडाच्या अंगावर पोलादाचा थर जोडलेला असतो, आणि तिरप्या धारेवर त्या दोन्हींची रेघ दिसते. पोलाद कुठपर्यंत आहे ते कळेल, म्हणजे अजून किती वर्षं उरली तेही कळेल. ती ग्राइंडरला लावू नका, दगडावरच लावा.

नवी पटाशी टाकून देऊ नका, अजून तिचा निकाल लागलेला नाही. कारखान्यात धार यंत्रावर झपाट्यानं काढतात, त्यात टोकाकडचे एक-दोन मिलिमीटर तापतात आणि तेवढ्याच भागाचं पाणी उतरतं. मागचं पोलाद चांगलं असू शकतं. आधी पटाशीची सपाट पाठ दगडावर घासून सरळ करा. मग धारेकडून तीन-चार मिलिमीटर मागे घ्या, पण हातानं, किंवा ग्राइंडरवर घेतलीत तर प्रत्येक दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवून. टोकाजवळ बोट ठेवून बघत राहा, बोटाला ऊन लागलं की लगेच पाण्यात. टोकावर निळा रंग दिसला तर तेवढं पुन्हा वाया गेलं असं समजा आणि तेही घासून काढा. नवी धार २५ ऐवजी ३० अंशांवर लावा. मग सागावर आडवे वीस घाव घाला आणि धार नखावर टेकवून बघा. टेकली तर पटाशी कामाची आहे. नखावरून पुन्हा घसरली, तर एखादी जुनी चांगली कानस तिच्या कोपऱ्यावर हलकीच ओढा. कानस सहज चावली तर पाणी आतपर्यंत नाहीच. मग ती रंगाचे डबे उघडायला ठेवा, आणि पुढची घेताना दुकानदाराला विचारून ही कानशीची परीक्षा तिथेच करा.